जटेची सावली

गावात प्रत्येकाला एकेक काम आपोआप नेमून दिलेलं असतं. कुणी पंगतीत मीठ वाढतो, कुणी मयताला बांबू बांधतो, कुणी नवऱ्या मुलाचा घोडा धरतो. औंधच्या अलीकडच्या त्या गावानं लालासाहेबांना ‘न्हाई’ म्हणायचं काम दिलं होतं.

यात्रेत कुणा बाईच्या अंगात आलं की लोक आधी लालासाहेबांकडे बघायचे. लालासाहेब मिशीवरून बोट फिरवून म्हणायचे, “न्हाई. सासूनं सकाळी शिव्या घातल्यात, त्या आता भाईर पडायल्यात.” एवढं ऐकून लोक समाधानानं त्या बाईच्या पाया पडायला जायचे. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काळी तीट लावतात ना, तसा गावाला एक नास्तिक लागतो. तो असला की बाकीच्यांच्या भक्तीला शोभा येते.

लालासाहेब फौजेत सिग्नलला होते. हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले. वायरलेसवर जेवढं ऐकू येतं तेवढंच कागदावर उतरवायचं, पदरचं घालायचं नाही आणि आलेलं गाळायचं नाही, हे एकच शास्त्र त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते पुढं शेताला, सोसायटीला आणि देवालाही लावलं.

अशा माणसाच्या घरात देवीची जट असावी, ही देवीनंच केलेली थट्टा. लालासाहेब आसामात होते तेव्हा इकडे अंजनाबाईंच्या केसात ती आली. ते सुट्टीवर येऊन बघतात तर बायकोच्या पाठीवर कासऱ्याएवढी जाड जट, आणि आईनं तिला हळद-कुंकू लावून ठेवलेलं. “यमाईनं दिलीया,” आई म्हणाली. लालासाहेबांनी ट्रंकेतून कात्री काढली.

“आधी मान कापा, मग जट,” अंजनाबाई म्हणाल्या.

वरच्या हुद्द्याचा हुकूम ओळखायची फौजेत सवय लागते. कात्री ट्रंकेत परत गेली.

पुढं साताऱ्याकडची जट सोडवणारी मंडळी दोनदा घरी येऊन गेली. त्यांना बोलावणारे लालासाहेबच. दोन्ही वेळा अंजनाबाईंनी चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. पण तेव्हापासून त्यांना एक सवय जडली. खांद्याला पिशवी लावलेलं कुणीही अनोळखी माणूस दारात दिसलं की हात मानेमागं जायचा, जट दुमडून चोळीच्या आत, पाठीशी सरकायची आणि वरून पदर घट्ट. बघणाऱ्याला वाटायचं, बाई फार मर्यादशील आहे.

दिवाळीपासून त्यांना खोकला लागला. हळदीचं दूध झालं, अडुळसा झाला, वडूजच्या डॉक्टरांची बाटली झाली. खोकला काही हलेना. संक्रांतीनंतर गावात क्षयाच्या तपासणीची गाडी आली आणि गावची आशा-सेविका साक्षी त्यांना जवळजवळ ओढतच शाळेच्या व्हरांड्यात घेऊन गेली.

लालासाहेब मात्र मशीन बघायला आपणहून गेले. एक्स-रे म्हणजे अंधारी खोली आणि भिंतीएवढं धूड, असा त्यांचा समज. इथं धवल नावाचा एक पोरगेला टेक्निशियन लग्नातल्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याएवढं यंत्र हातात धरून उभा होता. पाठीमागं एक पाटी, समोरून यंत्र, आणि फोटो थेट लॅपटॉपवर.

“आन् डॉक्टर कुठाय?” लालासाहेबांनी विचारलं.

“आधी कॉम्प्युटर वाचतो काका. संशय आला तर मग डॉक्टर बघतात.”

“लय चांगलं. डॉक्टरला सुदिक आधी संशयच येतो.”

धवल हसला. अंजनाबाईंना म्हणाला, “मावशी, गळ्यातलं काढून ठेवा.” त्यांनी मंगळसूत्र काढून शेजारच्या लीलाबाईंच्या हातात दिलं. जटेचं कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. धवलच्या खांद्याला पिशवी होती.

फोटो उमटला. काळ्या-पांढऱ्या बरगड्यांवर, डाव्या खांद्याच्या खाली, कॉम्प्युटरनं स्वतःच रंग भरला. कडेला पिवळा, मध्ये लालभडक. जिथं शंका आहे तिथं तो असा रंग भरतो, धवल म्हणाला, आणि मग बाकीचं साक्षीशी हळू आवाजात बोलला.

अंजनाबाईंची आई अशाच खोकल्यानं गेली होती. घरी आल्यावर त्यांनी कुणी न सांगता आपलं ताट-तांब्या वेगळा केला आणि अंथरूण पडवीत नेलं. तपासणीला थुंकी दिली, पण तिचं काय होतंय याची वाट बघायची त्यांना गरज वाटत नव्हती. निकाल त्यांनी स्वतःच लावून टाकला होता. भाकरी पुढ्यात तशीच राहायची. फौजेत लालासाहेबांनी भ्यालेली माणसं पाहिली होती, पण ती पळायची तरी. ही बाई जागची हलत नव्हती.

त्यांनी धवलला फोन लावला. धवल म्हणाला, “काका, फोटोत मागं वेणीसारखं काहीतरी आलंय. कधी कधी वेणीचीसुद्धा सावली पडते. पण त्याच्यावर जाऊ नका, नीट फोटो परत काढून बघायलाच पाहिजे.”

अख्खी नोकरी निरोप पुरता उतरवून घेण्यात गेलेला हा माणूस. पण या निरोपाचा मागचा निम्मा भाग त्यांनी उतरवूनच घेतला नाही.

ते तडक पडवीत गेले. अंजनाबाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, लीलाबाई त्यांचे पाय चेपत होत्या. लालासाहेबांनी धवलनं मोबाईलवर पाठवलेला फोटो दोघींसमोर धरला.

“काय न्हाई गं, येडे! ही तुझी जट हाय. जटेची सावली पडलीया. उठ, भाकरी खा.”

अंजनाबाईंनी मान वळवली. लीलाबाईंनी फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि किंचाळल्या, “आगं बया! हळद-कुकू!”

“काय?”

“आवं दादा, जटेवरच कसं पडलंय बगा की! कडंनं हळद, मधी कुकू. यंत्रानं आईला वळाकलं!”

लालासाहेब हसले. इथं त्यांनी हसायला नको होतं. पण अंजनाबाई उठून बसल्या होत्या आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला होता. तो तुकडा तोंडात जाईपर्यंत लालासाहेब गप्प राहिले.

तेवढ्यात गावभर झालं. एरवी लीलाबाईंच्या बोलण्याला कुणी विचारलं नसतं, त्यांना भाकरीच्या फोडातसुद्धा देवी दिसते. पण या वेळी त्यांच्यापाशी न खोडता येणारा साक्षीदार होता. “लालासाहेब म्हणत्यात! सोता लालासाहेब! जट हाय म्हणून त्यांनीच सांगितलं!” जन्मभर न्हाई म्हणणारा माणूस व्हय म्हणाला म्हटल्यावर पुरावा आणखी कसला पाहिजे? थुंकीचा रिपोर्ट आला, त्यात क्षयाचे जंतू नव्हते. झालं. देवीनं सरकारकडूनही लिहून आणलं.

मंगळवारी, शुक्रवारी बाया यायला लागल्या. आधी मोबाईलवरच दर्शन होतं. लालासाहेबांच्या फोनच्या काचेवर एवढं कुंकू बसलं की आलेला फोन उचलायला बोट सरकेना. मग कुणीतरी वडूजला जाऊन फोटो मोठा करून आणला, चौकट केली, आणि लालासाहेब रानातून येतात तर देव्हाऱ्याशेजारी बायकोच्या बरगड्या भिंतीला टांगलेल्या. वर झेंडूचा हार.

हार घातलेला फोटो कुणाचा असतो, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी हात वर करून तो हार ओढला, तसा दोरा तुटून फुलं देव्हाऱ्यावर पडली. बाया म्हणाल्या, “बगा, नास्तिकाच्या हातनं बी आईनं फुलं वाहून घेतली.” दुसऱ्या दिवशी नवा हार.

आणि अंजनाबाई? तीस वर्षं शेण-घाण, चूल आणि नवऱ्याचे टोमणे यांत गेलेली बाई आता पाटावर बसत होती. म्हाताऱ्या बाया तिच्या पाया पडत होत्या. ती त्यांची ओटी भरत होती, डोक्यावर हात ठेवत होती. चोळीत लपवलेली जट आता खांद्यावरून पुढं, उघडी. ती हसायची. ती हसली की कशी दिसते हे लालासाहेबांना नव्यानंच कळत होतं आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की चोळी अंगावर लोंबायला लागलीय, बांगड्या कोपरापर्यंत मागं जातायत. बाया म्हणाल्या, उपासानं. खोकल्याची उबळ आली की बाया हात जोडायच्या. वारं येतंय म्हणायच्या.

साक्षी दर आठवड्याला येऊन कानीकपाळी ओरडायची. “काका, थुंकीत आलं नाही म्हणजे काही नाही असं होत नाही. ते वेगळंही काही असंल. सीटी स्कॅन कराच.”

“मी काय म्हणतोय मग? ती येत न्हाई.”

“तुम्ही सांगा ना त्यांना खरं!”

सांगितलं. एका शुक्रवारी भरल्या घरात सांगितलं, “म्या चुकलो. पोरगं म्हणालं हुतं परत फोटो काढा म्हणून. म्या अर्धंच सांगितलं.”

मग लीलाबाई प्रेमानं म्हणाल्या, “आता भ्या वाटतंय व्हय दादा? वाटणारच. जलमभर आईला नावं ठेवली.” आणि बायांनी त्यांनाही कुंकू लावलं. लालासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून ‘न्हाई’ म्हटलं होतं, आणि त्याचीच ही पूजा झाली.

उन्हाळा लागला. एकदा अंजनाबाई खोकून पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. पदर खाली आला तेव्हा त्यावर लाल डाग होता.

“ह्ये काय?”

“कुकू हाय.”

असेलही. त्या घरात आता उंबऱ्यापासून मांजराच्या पाठीपर्यंत कुंकवाचेच डाग होते. लालासाहेबांनी तो पदर हातात घेऊन अंगठ्यानं चोळला. कुंकू झटकलं की उडतं. हे उडालं नाही, अंगठ्याला चिकटलं. अंजनाबाईंनी पदर ओढून घेतला आणि आत गेल्या.

खरं सांगून भागत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? लालासाहेबांनी दुसऱ्यांदा खोटं बोलायचं ठरवलं, आणि या वेळी अगदी तब्येतीत.

मंगळवारी ते आपणहून बायांच्यात जाऊन बसले. “सांगलीला एक नवं यंत्र आलंय,” ते म्हणाले. “ह्यो फोटो म्हंजी सपाट. नुसती सावली. ते यंत्र जात्याच्या तळीसारखं गोल असतंय, माणसाभवतीनं फिरतंय. समद्या बाजूंनी दिसतंय त्यात. पडद्यावर फिरवून बघता येतंय.”

“चेहरा बी?” लीलाबाईंनी विचारलं.

लालासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. “चेहरा बी.”

अंजनाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. “सांगलीला म्हंजी माधवनगरला धनाजीकडं जाता येईल,” त्या म्हणाल्या. धनाजी त्यांचा भाऊ. मिलमध्ये बापाच्या जागी लागलेला आणि मिल बंद पडल्यावर घरीच बसलेला. माहेरी जाऊन किती दिवस झाले होते.

बायांनी ओटीचा नारळ दिला, साडीची घडी दिली आणि देवीच्या चेहऱ्याचा फोटो आणायची ताकीद दिली.

जीप औंधवरून गेली तेव्हा अंजनाबाईंनी डोंगरावरच्या यमाईला हात जोडले. लालासाहेब दुसऱ्या खिडकीशी होते. त्यांनी टोपी सारखी करायला म्हणून हात कपाळाशी नेला आणि तो तिथं जरा जास्तच वेळ राहिला. जट निघू दे, ते मनात म्हणाले. बाई, तुझीच असू दे. मी खोटा ठरतो, गावभर नाक घासतो, पण ती जटेचीच सावली निघू दे. विटा गेलं, तासगाव गेलं, तोवर त्यांचं हेच चाललं होतं.

सांगलीतल्या त्या स्कॅन सेंटरात अंजनाबाईंनी स्वतःच जट सोडली, डोक्यावर गुंडाळली आणि वरून फडकं बांधलं. “वर बांधली म्हंजी आईला मोकळं दिसंल,” त्या तिथल्या मुलीला म्हणाल्या. त्या मुलीनं हो म्हटलं. आतून यंत्राचा आवाज आला, “श्वास घ्या, रोखून धरा.” बाहेर लालासाहेबांनीही धरला. “सोडा” म्हणालेलं त्यांना ऐकू आलं नाही.

थोड्या वेळानं डॉक्टर क्षमा यांनी त्यांना एकट्यालाच आत बोलावलं. वाईकडच्या बाई, बोलणं मऊ. पडद्यावर काकडीच्या चकत्या कराव्यात तशा छातीच्या चकत्या एकामागून एक सरकत होत्या. एका चकतीवर कॉम्प्युटरनं आपणच बारीक वर्तुळ काढलेलं.

“ही गाठ. डाव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला.”

“आन् जट?”

“जट?”

“केस, बाई. तिच्या केसात जट हाय. आधीच्या फोटोत तिची सावली हुती. तिकडचं पोरगं म्हणालं हुतं.”

डॉक्टरांनी त्यांच्या फोनवरचा जुना फोटो मागून घेतला, काचेवरचं कुंकू रुमालानं पुसलं आणि नीट बघितला. “बरोबर आहे. यात केसांची सावली आहे थोडी. पण तिच्या खाली ही गाठही तेव्हा होतीच. आता वाढलीय.”

“किती?”

“वाढलीय,” त्या म्हणाल्या. “कसली आहे ते नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. सुईनं तुकडा काढून तपासायला लागेल. गुरुवारी जमेल. पण आता उशीर नको, काका.”

‘आता उशीर नको’ यातला ‘आता’, हा एवढा एकच शब्द लालासाहेबांनी बरोबर ऐकला.

जाता जाता डॉक्टरांनी पडद्यावर तो चकत्यांचा ढीग जोडून अख्खी छाती उभी केली आणि फिरवून दाखवली. समद्या बाजूंनी. लालासाहेबांनी बायांना जे खोटं म्हणून सांगितलं होतं, ते सगळं अगदी तसंच होतं. फक्त चेहरा नव्हता.

बाहेर कडुलिंबाखालच्या बाकावर अंजनाबाई ओटीचा नारळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“दिसली?”

लालासाहेब शेजारी बसले.

“आवं, चेहरा दिसला का?”

“ती देवी न्हाई, अंजना.”

“मग?”

“गाठ हाय. आत, फुप्फुसात. सुई घालून तुकडा काढत्यात, मग कळतंय कसली हाय ती.”

“आन् जट?”

“जट भाईर हाय. तिचा काय संबंध न्हाई.”

अंजनाबाई नारळाची शेंडी पिळत राहिल्या. समोरून रिक्षा जात होत्या. एक बाई कडेवरच्या पोराला उन्हातून पळवत नेत होती.

“तुमी म्हणाला हुता,” त्या म्हणाल्या.

“म्या म्हणालो हुतो.”

“लीलाबाई म्हणाली असती तर म्या मानलं नसतं. एवढी वरसं डोक्यावर वागवली, पर आतनं मला सुदिक धाकधूक हुती. का ह्यो नुसता केसांचा गुताडाच हाय म्हणून. सासूबाई म्हणल्या म्हणून वागवली. तुमी कापा म्हणायचा, तवा हट्टानं वागवली. आन् त्या दिवशी तुमी म्हणाला, जट हाय. जलमभर न्हाई म्हणणारा माणूस. म्हणलं, असंल मग खरं.”

लालासाहेबांना एवढंच सांगायचं होतं की तू भाकरी खात नव्हतीस, म्हणून बोललो. पण हे वाक्य तोंडाशी आल्यावर केवढंसं वाटलं.

फोन वाजला. लीलाबाई होत्या. मागं बायांचा गलका.

“दादा, दिसली का? हितं समद्या बसल्यात.”

“न्हाई दिसली,” लालासाहेब म्हणाले. “गाठ हाय, लीलाबाई. दुखणं हाय त्ये. तो फोटो काढा भितीवरनं.”

मग लीलाबाई हसल्या, “तुमाला कशी दिसंल? इस्वासच न्हाई तुमचा, पहिल्यापासनं. अंजनाला द्या बगू.”

लालासाहेबांनी फोन पुढं केला. अंजनाबाईंनी तो घेतला. आतून लीलाबाईंचा आवाज येत होता, “आगं अंजना, आईचं कसं वाटलं? बोल की!” अंजनाबाईंनी ओठ उघडले, पण बोलण्याऐवजी खोकला आला. पलीकडच्या बाया एकदम गप्प झाल्या. हात जोडले असतील. अंजनाबाईंनी खोकला थांबेपर्यंत फोन तसाच धरला आणि मग बंद केला.

“सुई कवा म्हणल्या?”

“गुरवारी.”

“मग तवर धनाजीकडंच ऱ्हाऊ.”

“कापडं आणली न्हाईत. म्या जाऊन घेऊन येतो, तू हितं...”

“वयनीचं लुगडं नेसंन. तुमी बी जायचं न्हाई.” त्यांनी पदर तोंडावरून फिरवला. “म्या गावाला गेले तर त्या मला पाटावर बसवत्याल. आन् म्या बसंन. लय बरं वाटतं वं तितं बसल्यावर. मग म्या काय परत यायची न्हाई.”

लालासाहेबांनी मान हलवली.

“आन् आता मला काय बी सांगायचं न्हाई तुमी. चांगलं बी न्हाई आन् वाईट बी न्हाई. काय निघंल त्ये त्या डॉक्टरीणबाई सांगतील, म्या त्यांच्याकडनं ऐकीन.”

“बरं,” लालासाहेब म्हणाले, आणि माधवनगरची रिक्षा बघायला उठले.